ऑफिसात वेगळी, घरी वेगळी, मग खरी मी कुठली?

घणसोली गावातल्या एका २७ वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय, ते आधी थोडक्यात सांगते. आगरी घर, गावठाणात स्वतःची चार माळ्यांची बिल्डिंग, खाली घरचे राहतात आणि वरच्या रूम भाड्याने दिल्यात. ती ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये नोकरी करते. ऑफिसात सफाईदार इंग्रजी, कॉलेजच्या ग्रुपमध्ये पुस्तकी मराठी आणि घरी आगरी. ऑफिसात आईचा फोन आला की ती कट करते नाहीतर जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलते. मोबाईलवर रोज ‘स्वतःशी प्रामाणिक राहा’ ऐकून ऐकून तिला वाटायला लागलंय की आपण तिन्ही ठिकाणी खोट्या आहोत आणि खरी आपण अजून कुणाला दिसलोच नाही, आपल्याला स्वतःलाही नाही. ती खरी मी शोधायला तिला घर सोडून ऐरोलीत भाड्याने एकटीने राहायचंय. घरी शिफ्टचं कारण सांगून बघितलं, बाबा म्हणाले दोन तर स्टेशनं आहेत, मी गाडी घेऊन येतो न्यायला, आणि जास्त हट्ट केला तेव्हा म्हणाले लग्न झाल्यावर काय करायचं ते कर. तिचा प्रश्न, मी स्वार्थी आहे का, आणि जाऊ की नको ते तुम्हीच सांगा.

नमस्कार मैत्रिणी,

सगळ्यात आधी ते खोटेपणाचं बघू, कारण पत्रभर तू स्वतःला त्याच एका गोष्टीवरून बोल लावलायस आणि मला ते वाचवत नव्हतं. तीन ठिकाणी तीन तऱ्हेने बोलण्यात खोटं काय आहे? रिक्षावाल्याशी, आजीशी, बॉसशी आणि दोन वर्षांच्या भाच्याशी आपण एकाच सुरात बोलत नाही, आणि कुणी बोलत असेल तर त्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही, समोर कोण आहे ते याला दिसतच नाही असं म्हणतो. अर्व्हिंग गॉफमन नावाचा एक समाजशास्त्रज्ञ होता, तो १९४९ नंतर काही काळ स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर जाऊन राहिला होता. तिथल्या एका छोट्या हॉटेलात त्याने बघितलं की कामाला असलेली गावचीच माणसं किचनमध्ये असली की अगदी घरच्यासारखी बोलतात, वागतात आणि तीच माणसं दार ढकलून डायनिंग हॉलमध्ये पाहुण्यांसमोर आली की चेहरा, चाल, बोलणं सगळं बदलतं. १९५६ साली आलेल्या पुस्तकात त्याने यातून जे मांडलं ते आजही कॉलेजात शिकवतात, की माणूस चारचौघांत आला की काही ना काही भूमिका घेतोच, भूमिकेशिवाय समोर येणं असं काही नसतंच. आता त्या हॉटेलातल्या माणसाला किचनमधला खरा आणि हॉलमधला खोटा म्हणायचं का? दोन्हीकडे राबतोय तो एकच माणूस ना.

पण फोनचं वेगळं आहे, ते मी सोडून देणार नाही.

आईचा फोन तू कामात असतेस म्हणून कट करत नाहीस, शेजारच्या डेस्कवरच्यांना आगरी ऐकू जाईल म्हणून करतेस, हे तूच लिहिलंयस. ही लाज आहे, आणि ती तू पोटातून घेऊन आलेली नाहीस, कुणीतरी घातलीय. शाळेत ‘पानी’ म्हटलं की वर्ग हसतो, बाई परत परत ‘पाणी’ म्हणायला लावतात, मालिकेत आगरी बोलणारं पात्र आलं तर बहुतेक वेळा ते अंगभर सोनं घालून लोकांना हसवायलाच आलेलं असतं. आणि तुमच्या गावांचं तर आणखीच. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली, ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं, १९८४ च्या जानेवारीत जासईकडे मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, आणि एवढं होऊन नंतर सेक्टरात राहायला आलेली माणसं तुम्हाला ‘गाववाले’ म्हणायला लागली. आम्ही ठाण्यात राहणाऱ्यांनीही हे केलंय, खाडीच्या या बाजूला बसून. तेव्हा फोन कट करताना तुझा जो हात पुढे होतो त्याच्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, एकट्या तुझा दोष नाहीये. पण आता तो हात तुझा आहे, म्हणून बोलतेय.

तू लिहिलंयस की ऑफिसच्या पार्टीत आगरी-कोळी गाणं लागलं की सगळे उठून नाचतात, आणि तू पाणी आणायला म्हणून बाहेर जातेस. ही ओळ वाचून मला फार वाईट वाटलं गं.

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९७१ चा एक निबंध आहे, त्यात तो म्हणतो की माणसाला नुसत्या इच्छा नसतात, स्वतःच्या इच्छांबद्दलसुद्धा इच्छा असतात. एखाद्याला सिगरेट ओढावीशी वाटते आणि आपल्याला ती ओढावीशी वाटूच नये असंही वाटत असतं. ऑफिसच्या लोकांनी मला त्यांच्यातली समजावं असं तुला वाटतं, आणि त्यासाठी आईला टाळणारी मुलगी मला व्हायचं नाहीये असंही वाटतं, आणि या दुसऱ्या वाटण्यामुळेच तू रात्री बसून एवढं लांब पत्र लिहिलंस. प्रामाणिकपणा हवाय ना, मग माझ्या मते तो इथे आहे, या दोन इच्छांपैकी कुठलीच्या बाजूने तू उभी राहतेस त्यात. त्यासाठी घर सोडायची गरज नाही. उद्या फोन आला की डेस्कवर बसूनच उचल आणि जे बोलायचं ते आगरीत बोल, कान गरम होतील, होऊ देत.

आता ‘खरी मी’. तुझ्या डोक्यात असं काहीसं चित्र दिसतंय की आत कुठेतरी एक तयार मुलगी बसलीय, तिच्यावर घराचे, गावाचे, ऑफिसचे थर चढलेत आणि ते थर निघाले की ती सापडेल, आणि थर काढायला ऐरोलीतला वन आरके हवा. ही कल्पना जुनी आहे, अठराव्या शतकात रूसो या विचारवंताने ती मोठ्या ताकदीने मांडली, की समाज माणसाला बिघडवतो आणि आतला आवाज ऐकायला पाहिजे. त्या काळी जन्मावरून माणसाचं सगळं आयुष्य ठरत होतं, तिथे असं म्हणणं मोठी गोष्ट होती. पण आज तीच कल्पना आपल्या मोबाईलवर येते ती बऱ्याचदा कोर्स, कपडे नाहीतर ट्रिप विकायला येते. मला ती अर्धीच पटते.

ज्यां-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या ऑक्टोबरात, युद्ध संपून काही महिनेच झाले होते तेव्हा, पॅरिसमध्ये एक भाषण दिलं, त्यात तो याच्या बरोबर उलटं बोलला. माणूस आधी जगात येतो आणि मग जे करतो, जे निवडतो त्यातून तो कोण ते ठरत जातं, आधीपासून ठरवून ठेवलेलं आत काहीही नसतं. बऱ्याच जणांना हे ऐकून पोकळ वाटतं. मला तर सुटल्यासारखं वाटतं, कारण मग २७ वर्षांत तुझं काही हरवलेलंच नाहीये. पहिल्या इंटरव्ह्यूला वाक्यं पाठ करून गेलेली मुलगी तूच, हळदीला पहाटेपर्यंत जागणारी तूच, आजीच्या गोळ्या डब्यात भरून ठेवणारी पण तूच. ऐरोलीला गेलीस तर तिथे कुणी तुझी वाट बघत बसलेलं नसणार, तिथे जाऊन तू जे करशील त्यातून आणखी थोडी घडशील एवढंच, आणि ते काही कमी नाही.

सार्त्रचं सगळंच्या सगळं घेऊ नकोस मात्र. त्याच्या बोलण्यात कधीकधी असा भास होतो की निवड म्हणजे बोट दाखवायचं आणि उचलायचं. सिमोन द बोव्हुआर, त्याची आयुष्यभराची सोबतीण आणि माझ्या मते या विषयात त्याच्यापेक्षा जास्त पाय जमिनीवर असलेली बाई, तिने १९४९ साली दाखवून दिलं की बाई जन्मत नाही, ती घडवली जाते, लहानपणापासून मुलीला वाट बघायला शिकवतात की तुझं आयुष्य पुढे कधीतरी, कुणाच्या तरी घरी सुरू होणारय. लग्न झाल्यावर काय करायचं ते कर, हे तुझ्या बाबांचं वाक्य वाचून मला राग आला, बाबांचा नाही, त्या वाक्याचा. ट्रिपला जायचंय, लग्नानंतर जा. पुढे शिकायचंय, लग्नानंतर शीक, सासरच्यांना चालत असेल तर. म्हणजे बाप हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही, तो ते पुढच्या घरावर ढकलतो आणि मधली सगळी वर्षं मुलगी परवानगीच्या रांगेत उभी. तुझा भाऊ २३ व्या वर्षी बंगळुरूला गेला तेव्हा हे वाक्य कुणी काढलं होतं का? हा प्रश्न घरी विचार, शांतपणे, पण विचार नक्की.

मग जाऊ की नको?

त्याच भाषणात सार्त्रने त्याच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितलीय. युद्ध चालू होतं, या मुलाचा मोठा भाऊ १९४० मध्ये जर्मनांच्या हल्ल्यात मारला गेलेला, वडील शत्रूला सामील व्हायच्या बेतात म्हणून आईवडिलांत बिनसलेलं, आणि आईला आता हा एकच मुलगा उरलेला. त्याच्यापुढे दोन रस्ते, इंग्लंडला जाऊन फ्रान्सच्या मुक्तिसेनेत भरती व्हायचं नाहीतर आईपाशी राहायचं. तो सार्त्रला विचारायला आला. सार्त्रने सांगितलं ते एवढंच की तू मोकळा आहेस, तूच निवड. वर त्याचं असंही म्हणणं होतं की सल्ला कुणाकडे मागायचा हे ठरवतानाच माणसाने उत्तर बरंचसं ठरवलेलं असतं, कारण कुठला माणूस साधारण काय सांगेल हे आपल्याला आतून माहीत असतं. तू मावशीला विचारलं नाहीस, गावातल्या मोठ्या काकांनाही विचारलं नाहीस, ठाण्यात बसून सदर लिहिणाऱ्या एका बाईला विचारलंस, तेव्हा तुला ‘जा’ ऐकायचंय हे मी धरून चालते. तरी मी त्याच्यासारखं तिथे थांबणार नाही, कारण पत्रात एका जागी मी अडले.

शिफ्ट. तुझी शिफ्ट बदललेली नाहीये. तू घरी सांगितलंस की बदललीय, आणि बाबा म्हणाले मी न्यायला येतो. अगं, त्यांनी शिफ्टला उत्तर दिलं! आणि खरं बघितलं तर चांगलं उत्तर दिलं, दिवसभर काम करून रात्री मुलीला आणायला गाडी काढणारा बाप आहे तो. तुझ्या इच्छेला त्यांनी अजून नकार दिलेलाच नाही कारण ती त्यांच्यासमोर आलीच नाही. लग्नाचं वाक्य आलं तेसुद्धा त्या शिफ्टच्या भांडणातच. आणि इकडे तू मनाशी पक्कं करून बसलीयस की घरचे मला माझं आयुष्य जगू देत नाहीत. सार्त्रने १९४३ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात ज्या आत्मवंचनेबद्दल पानंच्या पानं लिहिलीयत ती अशीच असते, आपल्या हातात जे आहे ते नाहीच असं आपणच आपल्याला पटवायचं. तुला स्वतःत खोटं काय ते शोधायचं होतं ना, मला विचारशील तर ते इथे आहे, तीन भाषांमध्ये नाहीये.

मला इथे आगरकर आठवतात. १८५६ साली कऱ्हाडजवळ टेंभूला गरीब घरात जन्मलेला मुलगा पुण्याला डेक्कन कॉलेजात एम.ए. पर्यंत पोचला, घरी आई आस लावून बसलेली की आता याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि आपले पांग फिटतील. त्यांनी आईला पत्र लिहून सांगून टाकलं की अशी आशा ठेवू नकोस, मी पोटापुरतं मिळवणार आणि बाकी सगळा वेळ लोकांच्या कामाला देणार. आणि तसंच केलं, शाळा, फर्ग्युसन, १८८८ ला ‘सुधारक’, चाळिशी गाठायच्या आत गेले. त्या पत्राबद्दल बोलताना लोक त्यागाबद्दल बोलतात. मला त्यात दुसरंच मोठं वाटतं, की त्यांनी आईला खरं कारण सांगितलं आणि आधी सांगितलं. परवानगी मागितली नाही, गोडगोड थापही मारली नाही, आणि तिला काय वाटेल ते सोसायची तयारी ठेवली. तुझी गोष्ट त्यापेक्षा कितीतरी लहान आहे, दोन स्टेशनांची, पण सांगायची तऱ्हा तीच हवी.

आणि सांगायचं काय, तर तेही तू लिहिलंयस, अगदी शेवटी, घाईघाईत. घरात आठ माणसं, वर भाडोत्र्यांची ये-जा, मला फक्त एक दार हवंय जे आतून लावता येईल आणि का लावलंस म्हणून कुणी विचारणार नाही. बाकीच्या सगळ्या पत्रात तू ऐकलेलं लिहिलंयस, हे एक तुझं आहे. हेच बाबांना सांग, याच शब्दांत.

पण त्याआधी स्वतःशी एक गोष्ट नक्की कर. आयझाया बर्लिन या विचारवंताने १९५८ ला ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले होते, कुणी आड येत नाही हा एक आणि माझ्या आयुष्याचं मी ठरवतो हा दुसरा. पहिलं तुला ऐरोलीत चावी हातात पडल्या दिवशी मिळेल. दुसरं चावीबरोबर येत नाही, तिथे राहूनही तू आईला रोज शिफ्टच्याच गोष्टी सांगत राहिलीस आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलीला गाव कुठलं ते सांगायचं टाळलंस तर काय मिळवलंस? तेव्हा नीट बघ, तुला दार हवंय की गावाच्या नजरेपासून लांब जायचंय. नुसतं दार हवं असेल तर तुमच्याच बिल्डिंगमधली एखादी रूम रिकामी होईल तेव्हा ती माग, भाडोत्री देतो तेवढंच भाडं दर महिन्याला बाबांना दे, कुलूप तुझं. हे मी कमी काहीतरी पदरात पाडून घे म्हणून सांगत नाहीये, खरंच विचार करण्यासारखं आहे. पण पोरगी कधी आली कधी गेली हे ओट्यावर बसून मोजणारी माणसं, त्यांचाच त्रास असेल तर तिसऱ्या माळ्याचा काही उपयोग नाही, मग ऐरोलीच बघ आणि त्यात काहीही चूक नाही. दोन्ही हवं असू शकतं, तेही चालतं, फक्त ते तुला माहीत असू दे.

गावापासून लांब जाणं म्हणजे गाव टाकणं नव्हे. कॅनडाच्या चार्ल्स टेलर या तत्त्वज्ञाने १९९१ साली स्वतःशी प्रामाणिक राहण्याच्या याच वेडाबद्दल लिहिलं, आणि त्याची टिंगल न करता लिहिलं म्हणून मला तो आवडतो. त्याचं म्हणणं असं की मी निवडलं एवढ्यानेच कुठली गोष्ट मोलाची होत नाही, मोलाचं बरंच काही आपल्या आधीपासून आपल्याभोवती असतं, भाषा, माणसं, इतिहास, आणि त्यांच्याशी बोलत, भांडतच आपण कोण ते आपल्याला कळत जातं. तू बाबांशी भांडशील तेव्हासुद्धा आगरीतच भांडशील ना.

स्वार्थी आहेस का? नाही. पण तुझ्या आख्ख्या पत्रात आई फक्त फोन करते. तिला कधी आतून लावता येणारं दार मिळालं का, हे तुझ्या मनात आलंय का कधी? बोव्हुआरने १९४७ ला लिहिलंय की मला माझं स्वातंत्र्य मनापासून हवं असेल तर दुसऱ्याचंही हवं असावं लागतं. तू गेलीस की आजीच्या गोळ्या, सकाळचे डबे, भाडोत्र्यांचा लाइट बिलाचा हिशोब, जे जे आज तू बघतेस ते न बोलता आईच्या अंगावर पडणार. तेव्हा जायच्या आधी हे वाटून घे. हिशोब बाबांनी बघावा, बंगळुरूच्या भावाने कामाला येणाऱ्या मावशींचा पगार द्यावा, आणि आईशी सगळ्यात आधी, ती एकटी असताना बोल. मला वाटतं ती तुला तुझ्या अंदाजापेक्षा जास्त समजून घेईल, आणि नाहीच घेतलं तरी तिला हे बाबांच्या तोंडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं.

कायद्याचं एका ओळीत सांगते कारण गावात कुणीतरी नक्की म्हणणार की लग्नाआधी मुलीला असं राहता येत नाही. येतं. घटनेच्या १९ व्या कलमात देशात कुठेही राहायचा हक्क आहे, तू सज्ञान आहेस, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला झालाय. हे स्वतःला माहीत असू दे, ताठ बसायला उपयोग होतो, पण घरी जेवायला बसल्यावर कलमं काढू नकोस.

ऐरोलीचं ठरलंच तर भाड्याचा करार रजिस्टर करून घे, नुसत्या नोटरीवर भागवू नकोस, महाराष्ट्रात नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते हे त्याला सांग. काही सोसायट्या एकट्या मुलीला घर द्यायला कां-कू करतात, ब्रोकर विचारेल मॅडम फॅमिली कधी येणार, तिथे परत काहीतरी गोष्ट रचून सांगू नकोस, एकटीच राहणार आहे म्हण आणि नाही म्हणाले तर दुसरं घर बघ. आणि बाबा स्थळं बघतायत असं तू ओझरतं लिहिलंयस, तर त्यातल्या कुणाला भेटायची तुझी स्वतःची तयारी असेल तरच भेट, आणि भेटलीस तर पहिल्याच भेटीत त्याला सांग की मी वेगळी राहते, किंवा राहणार आहे, आणि का. घरी बोलणं झालं की मला कळव, ते हो म्हणोत नाहीतर नाही.